चाळीस सेंटचा एक खडा आणि नाशिकमधील तीन दुकाने

लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यानंतरच्या पहिल्या दिवाळी पाडव्याला पत्नीला हिऱ्याची अंगठी द्यायची, एवढे मी ठरवले होते. खर्च एक लाखाच्या आत राहावा आणि खडा एकच असावा, हे तिने ठरवले होते. त्यासाठी घटस्थापनेनंतरचे तीन शनिवार आम्ही नाशिकमधील तीन दुकानांत घालवले. पहिले कॉलेज रोडवरील एका मोठ्या साखळीचे दालन, दुसरे गंगापूर रोडवरील प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांचे दुकान आणि तिसरी सराफ बाजारातील एक जुनी पेढी. तिन्ही ठिकाणी माझा संबंध एकेकाच विक्रेत्याशी आला आणि तेवढ्यावरून दुकानाला जाहीर प्रमाणपत्र देणे योग्य नाही, म्हणून नावे लिहीत नाही. हिरा पारखण्याची सोय कोठे, कशी आणि किती मिळाली, एवढाच या लेखनाचा विषय आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. माल घेण्यापूर्वी मोजमाप पाहायचे आणि कागद मालाशी जुळतो की नाही हे ताडून पाहायचे, ही सवय घरीही सुटत नाही, असे पत्नीचे मत आहे. हिऱ्याच्या बाबतीत ही सवय सोन्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. सोन्याचा दर रोज वर्तमानपत्रात छापून येतो, दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी असतो आणि भ्रमणध्वनीवरील बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की शुद्धता समोर येते. हा हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो. त्याच सोन्यात बसवलेल्या हिऱ्याबद्दल तो अवाक्षरही काढत नाही, आणि निम्म्याहून अधिक पैसे तर हिऱ्याचे असतात. हिऱ्याला रोजचा एकच असा दर नसतो. व्यापाऱ्यांमध्ये रॅपापोर्टचा साप्ताहिक भावतक्ता चालतो आणि त्यावर किती टक्के कमी किंवा जास्त, अशा भाषेत सौदे होतात. गिऱ्हाईक मात्र त्या भाषेपासून दूर, काउंटरच्या अलीकडे बसलेले असते.

कॉलेज रोडच्या दालनात स्वागत उत्तम झाले. पाणी आले, चहा आला, मखमली तबकातून अंगठ्या आल्या, आणि बेचाळीस सेंटची म्हणून जी अंगठी दाखवली गेली ती खरोखर डोळ्यांत भरणारी होती. एक कॅरेट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, एवढे गणित माहीत असल्यामुळे बेचाळीस सेंटचा गोल खडा साधारण पावणेपाच मिलिमीटर व्यासाचा असणार, हे मी मनाशी धरून गेलो होतो. समोरच्या अंगठीचा चमकणारा भाग त्यापेक्षा बराच मोठा होता. मी भिंग मागितले. ते आणायला कोणीतरी आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. भिंगातून पाहिल्यावर कळले की, तो एक खडा नव्हता. मध्ये एक आणि भोवती सहा, असे सात खडे मध्ये नखे (खडा पकडणारे धातूचे आकडे) न ठेवता एकमेकांना खेटून दाबून बसवलेले होते. याला प्रेशर सेटिंग म्हणतात आणि ती काही फसवणूक नव्हे. आमच्या आईच्या हिऱ्याच्या कुड्यांतही सात-सातच खडे आहेत. मात्र कुडीतले सात खडे सात म्हणूनच दिसतात. येथे विक्रेत्याने ‘सॉलिटेअर लूक’, म्हणजे एकाच खड्याचा भास, हे दोन शब्द इतक्या सफाईने उच्चारले होते की, त्यातला दुसरा शब्द ऐकूच येऊ नये.

सहा सेंटचे सात खडे आणि बेचाळीस सेंटचा एक खडा यांचे वजन सारखे असले, तरी मोल सारखे नसते. मोठा खडा निसर्गात दुर्मीळ असल्यामुळे आकार वाढतो तसा कॅरेटमागचा दरही वाढत जातो. त्यामुळे दागिन्यातील हिऱ्यांचे एकूण वजन सांगितले जात असेल, तर पहिला प्रश्न खडे किती, हाच असला पाहिजे. मी किमतीची फोड मागितली, तेव्हा ‘सर, हा पीसचा भाव आहे’ असे उत्तर दोनदा मिळाले आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर कॅरेटमागे अठ्ठ्याण्णव हजार रुपये हा आकडा निघाला. सोबतच्या छोट्या कार्डावर रंग जी-एच, म्हणजे रंगाच्या श्रेणीतल्या दोन पायऱ्या एकत्र, आणि स्वच्छता एसआय, म्हणजे भिंगाखाली दोष दिसणारी, असे लिहिले होते. म्हणजे ही प्रत त्या सात खड्यांची प्रत्येकी तपासून दिलेली नव्हती, तर एका ढिगाला मिळून लावलेली होती. बारीक खड्यांत अशीच पद्धत असते आणि ती मान्य करायला हरकत नाही, पण मग दर सांगतानाही तितकाच मोकळेपणा हवा.

दालनातील दिव्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. छतातून येणारे ते बारीक, प्रखर झोत काचेच्या तुकड्यालाही रत्न बनवतील. मी अंगठी दारापाशी नेऊन उजेडात पाहू का, असे विचारले. सुरक्षा नियमांमुळे ते शक्य नाही, असे नम्रपणे सांगण्यात आले. नियम असेल, पण त्यावर उपाय म्हणून उत्तरेकडची एखादी साधी खिडकी दालनात ठेवता आली असती. त्याऐवजी त्यांनी पेनासारखे एक यंत्र खड्याला टेकवले, ते वाजले, आणि विक्रेत्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. ते यंत्र खड्यातून उष्णता किती वेगाने वाहते एवढेच पाहते. काच आणि झिरकॉन त्यात पकडले जातात. प्रयोगशाळेतला हिरा मात्र रासायनिकदृष्ट्या हिराच असल्यामुळे तसाच वाजतो, आणि केवळ उष्णतेवर चालणाऱ्या साध्या यंत्रात मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडाही उत्तीर्ण होतो. (ऐरणीवर घण घालून हिरा पारखण्याची जुनी समजूत तर कोणी खऱ्या हिऱ्यावर आजमावू नये. हिऱ्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही, पण नेमक्या दिशेने घाव बसला तर तो सरळ दुभंगतो.)

गंगापूर रोडच्या दुकानाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे लपवण्यासारखे काही नव्हते. दारावरच प्रयोगशाळेतील हिरे असे लिहिलेले होते, प्रमाणपत्रावर सीव्हीडी ही निर्मितीची पद्धत नोंदलेली होती, आणि एक कॅरेटचा खडा अठ्ठावीस हजारांत मिळत होता. तरुण विक्रेत्या मुलीने, ‘काका, दिसायला फरक नाही, पण पुढे विकायचा विचार असेल तर हा घेऊ नका,’ असे स्वतःहून सांगितले. तिच्या मालकाला हे वाक्य आवडले असते की नाही, कोणास ठाऊक. गेल्या काही वर्षांत या हिऱ्यांचे भाव सतत घसरत आले आहेत, कारण यंत्रे वाढली की माल वाढतो. हिऱ्यांची प्रत ठरवणाऱ्या जीआयए या अमेरिकन संस्थेने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून या हिऱ्यांना रंग आणि स्वच्छतेच्या नेहमीच्या तपशीलवार श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोनच वर्गांत त्यांची मांडणी केली आहे. रोज वापरायला मोठा, चमकदार खडा हवा आणि मोडीची अपेक्षा नाही, अशांनी हे दुकान अवश्य पाहावे. पत्नीला मात्र जमिनीतून आलेलाच खडा हवा होता, आणि पाडव्याच्या ओवाळणीत युक्तिवाद चालत नाहीत.

तिसऱ्या शनिवारी सराफ बाजारात गेलो. वाहन लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला, शेवटी रविवार कारंजाच्या पलीकडे गाडी लावून गर्दीतून चालत पेढीवर पोहोचलो. पेढी अरुंद आहे, दोनच जणांना बसता येते, तिसऱ्याने उभे राहावे. हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रे डोक्याच्याही वर असलेल्या फळीवर ठेवलेली दिसली. गोदेचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यापर्यंत चढले की या बाजाराला धडकी भरते, त्यामुळे फळीची उंची येथे हौसेने ठरत नाही.

पेढीवरच्या काकांनी अंगठी दाखवलीच नाही. त्यांनी पांढऱ्या कागदाच्या दोन पुड्या काढल्या, उलगडल्या आणि दोन सुटे खडे समोर ठेवले. सुटा खडाच पाहावा, कोंदणात बसलेला नव्हे, हे मी ऐकून होतो, पण त्याचे कारण तेथे समजले. त्यांनी एक पांढरे कार्ड मधोमध दुमडले, त्या घडीत दोन्ही खडे पालथे ठेवले आणि घडी दुकानाच्या दाराकडे, दिवसाच्या उजेडात धरली. सुलटा खडा इतका प्रकाश परत फेकतो की, त्याचा अंगचा रंग त्या चमकेत लपून जातो. पालथा ठेवला की बाजूने पाहताना पिवळसर झाक उघडी पडते. रंगाची श्रेणी डी या अक्षरापासून सुरू होऊन झेडपर्यंत जाते आणि डी म्हणजे पूर्ण रंगहीन. डावीकडचा एफ होता आणि उजवीकडचा एच. शेजारी शेजारी ठेवल्यावर मला अगदी पुसट फरक जाणवला. वेगवेगळे दाखवले असते तर शपथेवर सांगता आले नसते. ‘तुम्हाला पिवळ्या सोन्यात घालायचा आहे ना, मग एफचे पैसे कशाला देता?’ असे काकाच म्हणाले. पिवळ्या सोन्याची आभा खड्यात उतरतेच, त्यामुळे वरच्या रंगासाठी मोजलेले पैसे त्या आभेत विरून जातात.

नंतर भिंग हातात आले. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली काय दिसते त्यावरच स्वच्छतेची श्रेणी ठरते, त्याहून अधिक शक्तीच्या नजरेवर नव्हे. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचे आणि चिमट्यातला खडा जवळ आणायचा, ही रीत शिकायला मला पाच मिनिटे लागली. एच रंगाच्या खड्यात कडेजवळ पिसासारखी एक पांढरी रेघ आणि तिच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला. ही श्रेणी व्हीएस-२, म्हणजे नुसत्या डोळ्यांना काही न दिसणारी. ठिपका मधोमध, टेबल म्हटल्या जाणाऱ्या सपाट पैलूखाली असता, तर मी तो खडा घेतला नसता. कडेचा असल्यामुळे तो नखाखाली झाकला जाणार होता. मात्र ती पिसासारखी चीर कडेपर्यंत पोहोचली असेल, तर नख दाबताना तेथेच खडा टवकण्याची भीती असते, म्हणून ती आतच थांबते की नाही, हे मी पुन्हा पुन्हा खडा फिरवून पाहिले.

आता सगळ्यांत महत्त्वाच्या आणि दुकानात सगळ्यांत कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येतो. रंग आणि स्वच्छता निसर्ग देतो. पैलू पाडण्याचे काम माणूस करतो, आणि चमक मुख्यतः त्याच कामावर अवलंबून असते. एफ रंगाचा खडा ०.४२ कॅरेटचा होता, एच रंगाचा ०.४० चा. साहजिकच पहिला मोठा दिसेल, असे वाटावे. प्रमाणपत्रांवरची मापे मी वाचली: पहिल्याची ४.७१ ते ४.७५ बाय ३.०७ मिलिमीटर, दुसऱ्याची ४.७४ ते ४.७८ बाय २.९१. वजनाने जड असलेला खडा वरून पाहताना चक्क लहान होता. त्याची खोली व्यासाच्या जवळजवळ ६५ टक्के होती, म्हणजे जादा वजन पोटात साठले होते, जेथून ते दिसत नाही आणि प्रकाशही खालून निसटून जातो. दुसऱ्याची खोली ६१ टक्क्यांच्या आसपास, योग्य मर्यादेत होती. पहिल्याच्या कागदावर कटपुढे, म्हणजे पैलूकामाच्या प्रतीपुढे, ‘गुड’ लिहिले होते. कानाला बरा वाटणारा हा शब्द पाच पायऱ्यांतला तिसरा आहे. त्याच्या वर ‘व्हेरी गुड’ आणि ‘एक्सलंट’ असतात. दोन्ही खडे दाराशी नेऊन ढगाळ उजेडात धरल्यावर पत्नीने कागद न वाचताच एचकडे बोट दाखवले.

कारागीर खडा असा पोटात जाड का ठेवतात, याचे कारण भावाच्या रचनेतच आहे. तीस, चाळीस, पन्नास, सत्तर, नव्वद सेंट आणि एक कॅरेट, या उंबरठ्यांवर कॅरेटमागचा दर एकदम उडी घेतो, म्हणून सुरतेत पैलू पाडताना खडा उंबरठ्याच्या खाली घसरू नये, याची धडपड असते. ‘मग एकोणचाळीस सेंटचा द्या, स्वस्त पडेल,’ असे मी म्हणालो. काका हसले. ‘तो सगळ्यांनाच हवा असतो. पण घासणाऱ्याला शहाणपण आपल्याआधी आलेले असते.’

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नावाचेच आहे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराशी ज्याचा संबंध सांगितला जातो आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर जो इंग्रजांच्या हाती लागला, तो नासक हिरा लंडनला गेला, तेथे त्याचे पैलू नव्याने पाडले गेले आणि तो सुमारे ८० कॅरेटचा राहिला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापून घेतला, तेव्हा उरले ४३.३८ कॅरेट. जवळजवळ निम्मे वजन त्यांनी तेजासाठी सोडून दिले. हिरा आपला होता आणि परत यायला हवा, ही भावना वेगळी. पण वजन आणि तेज यांतले काय निवडायचे, हा प्रश्न विन्स्टन यांच्यापुढे जसा होता तसाच, फार लहान प्रमाणात, सराफ बाजारातल्या त्या दोन पुड्यांपुढेही होता.

एक तपासणी मी माझ्या डोक्याने केली. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आता प्रत्येक दुकानात असतो. तो मागून घेऊन दोन्ही खडे त्याखाली ठेवले. एफ तसाच राहिला, एच मंद निळा उजळला. कागदावर ‘मीडियम ब्लू’ अशी नोंद होतीच, काकांनी मात्र ती मी दिवा मागेपर्यंत सांगितली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. अशा निळ्या दीप्तीमुळे चांगल्या रंगाच्या खड्याचा भाव कमी होतो. फार तीव्र असेल, तर क्वचित खडा उन्हात धुरकट दिसतो. आमचा धुरकट दिसत नव्हता. कॅरेटमागे सांगितलेला एक लाख बासष्ट हजारांचा दर त्या दिव्याच्या आधारे एक लाख पंचावन्न हजारांवर आला. उरली ओळख पटवण्याची बाब: खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तो प्रमाणपत्राशी जुळला आणि जीआयएच्या संकेतस्थळावर टाकल्यावर तीच मापे उघडली. त्या प्रमाणपत्रावर किंमत लिहिलेली नसते, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण ‘सर्टिफाइड आहे’ हे वाक्य बऱ्याचदा दराच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिले जाते. शिवाय वेगवेगळ्या प्रयोगशाळांचा काटेकोरपणा सारखा नसतो. एकीचा जी दुसरीकडे एच ठरू शकतो.

कच्च्या हिशेबाच्या वेळी पेढीवरही एक खटका उडाला. अंगठी तयार झाल्यावर एकूण वजन ३.२८० ग्रॅम भरले आणि मुनिमांनी सोन्याचा दर सरळ त्या वजनाला लावला. चाळीस सेंटचा हिरा ०.०८० ग्रॅमचा असतो; तो हिऱ्याच्या भावाने एकदा विकून सोन्याच्या भावाने पुन्हा विकता येत नाही. मी ते दाखवल्यावर काकांनी मुनिमांकडे एक नजर टाकली आणि पावती नव्याने झाली. सोने निव्वळ ३.२०० ग्रॅम, अठरा कॅरेटचा त्या दिवशीचा दर ९,६०० रुपये, म्हणजे ३०,७२०; हिरा ६२,०००; घडणावळ ग्रॅममागे १,२०० रुपयांनी ३,८४०. एकूण ९६,५६० आणि त्यावर तीन टक्के जीएसटी धरून ९९,४५६ रुपये ८० पैसे. वजनातल्या त्या फरकाने, घडणावळ आणि कर धरून, सुमारे ८९० रुपये वाचले. रक्कम मोठी नाही, पण बारीक खडे पुष्कळ असलेल्या हारात हाच फरक किती वाढेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मोडीच्या अटी मी तिन्ही ठिकाणी विचारल्या होत्या आणि खरेदीचा भाव कितपत खरा आहे, याचा अंदाज मला त्या उत्तरांतूनच आला. कॉलेज रोडला आईच्या कुड्या सहज दाखवल्या, तेव्हा ‘सोन्याचे वजन धरू, खड्यांचे काही नाही’ असे सांगण्यात आले. त्यांच्याच दुकानातला दागिना बदलून घ्यायचा असेल तर अटी चांगल्या होत्या, रोख हवे असेल तर नव्हत्या. गंगापूर रोडला बदलीची सोय होती, रोख परतफेडीची नव्हती. सराफ बाजारातल्या काकांनी कुड्या उलटसुलट पाहिल्या, बंद कोंदणामुळे खड्यांचे वजन नीट सांगता येणार नाही म्हणाले आणि तरीही खड्यांची वेगळी, अंदाजे रक्कम सांगितली. नव्या हिऱ्यासाठी, परत आणल्यास त्या दिवशीच्या भावातून पंधरा टक्के वजा करून रोख देऊ, असे त्यांनी तोंडी सांगितले. मी ते पावतीवर लिहून मागितले आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली. पावतीवर खड्याचे वजन, रंग, स्वच्छता, कट आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हेही आहेत. कॉलेज रोडच्या नमुना पावतीवर यांपैकी केवळ एकूण वजन छापलेले होते.

पेढीच्या उणिवा लपवण्याचे कारण नाही. नमुने कमी आहेत, कोंदणाचे काम बाहेरच्या कारागिराकडे जाते, सात दिवस सांगून नऊ लागले, आणि मधल्या काळात दूरध्वनी उचलला जाईलच, याचा भरवसा नव्हता. सुटा खडा कारागिराकडे जाऊन अंगठीत बसून येतो, तेव्हा तोच खडा परत आला ना, हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली क्रमांक पुन्हा तपासायला मला आग्रह धरावा लागला. क्रमांक तोच होता. ठिपकाही नखाखाली गेला होता.

पाडव्याला ओवाळणी झाली. भाऊबीजेच्या दिवशी अंगठीचे एक नख पत्नीच्या साडीच्या धाग्यात अडकले, तसे आम्ही आठवड्याने पुन्हा पेढीवर गेलो. काकांनी खडा हलतो का, हे आधी सुईने पाहिले, मग नख घासून गुळगुळीत करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. गाडी त्या दिवशीही रविवार कारंजाच्या पलीकडेच लावावी लागली.